कागद, यादी आणि मामांचा माणूस

या आठवड्याचं पत्र धाराशिव जिल्ह्यातल्या एका मुलीचं आहे. पत्र चार पानी आहे, म्हणून थोडक्यात देते.

"काकू, मी दहावी गावात केली आणि अकरावी-बारावी लातूरला. मेडिकलची नीट परीक्षा दुसऱ्यांदा दिली. निकाल वाईट नाही, पण काठावर आहे असं सगळे म्हणतात. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, आम्ही ओबीसी. मी मोबाइलवर अमेरिकेतल्या मुलींचे व्हिडिओ बघते. त्या सांगतात, मेडिकलला अर्ज भक्कम हवा. निबंध, दवाखान्यात केलेलं काम, शिफारसपत्रं. माझ्याकडे एनएसएसचं एक सर्टिफिकेट आहे फक्त. मामा म्हणतात, पुण्यात त्यांच्या ओळखीचा माणूस आहे, पैसे दिले की सीट पक्की. पप्पा त्यासाठी शेत विकायला निघालेत. पप्पांचं नाव माझ्या दहावीच्या मार्कमेमोवर ज्ञानेश्वर आहे आणि जातीच्या व्हॅलिडिटीवर ज्ञानोबा, ते चालतं का? धाकटा भाऊ दहावीला आहे, त्याला काका राजस्थानातल्या कोट्याला पाठवा म्हणतात. कॉलेजांची यादी केली आहे, सोबत पाठवते. माझा अर्ज भक्कम कसा होईल?"

बाळा, आधी ते व्हिडिओ बंद कर. त्या मुली खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा बाजार वेगळा आहे. अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग अर्ज. त्या अर्जात "मला डॉक्टर का व्हायचंय" हे जास्तीत जास्त ५,३०० अक्षरांत लिहायचं असतं. मग कॉलेजं आपापले आणखी निबंध मागतात, प्राध्यापकांची पत्रं बघतात, मुलाखतीला बोलावतात. तिथे माणूस बसून अर्ज वाचतो. आपल्याकडे अर्ज वाचायला कुणी बसत नाही. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थी विभागात सव्वीस वर्षं काढली, टेबलावर हजारो फायली आल्या, पण "तुला डॉक्टर का व्हायचंय?" असा प्रश्न त्या टेबलावर कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचे ते एवढंच: "टीसीची ओरिजिनल कुठाय?"

तेव्हा एनएसएसचं सर्टिफिकेट कपाटात ठेव. केलेलं काम वाया जात नाही, पण या अर्जात त्याला रकाना नाही. पूर्वी सेवाग्रामच्या कॉलेजची स्वतःची प्रवेशपरीक्षा असायची आणि तिच्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असायचा. आता तिथेही नीटच. अपवाद पुण्याच्या एएफएमसीचा, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजचा. तिथे नीटच्या गुणांवर निवडक मुलं बोलावतात आणि मग इंग्रजी व तर्काची छोटी परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी असं सगळं होतं. मुलींच्या जागा ३० च्या आसपास आहेत आणि नंतर लष्करात नोकरी बांधील असते. नोंदणी एमसीसीच्या, म्हणजे देशपातळीवरचे मेडिकल प्रवेश करणाऱ्या दिल्लीच्या समितीच्या, संकेतस्थळावरूनच करायची. काठावरच्या रँकला तिथून बोलावणं येणं अवघड, म्हणून त्यात जीव अडकवू नकोस.

मार्क आता बदलणार नाहीत. तुझ्या हातात दोनच गोष्टी उरल्यात, कागद आणि यादी. भक्कम अर्ज म्हणजे आपल्याकडे एवढंच. आणि सांगते, चांगल्या रँकची मुलं या दोन्ही ठिकाणी पडलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

कागदांपैकी तुझा सगळ्यात नाजूक कागद तूच ओळखलास, त्याबद्दल शाबासकी. ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर. आपल्याकडे हे एकच माणूस, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पडताळणीच्या टेबलावर बसलेला माणूस विदर्भातला असेल, मुंबईचा असेल, आणि त्याच्यापुढे दिवसाला शंभर फायली असतील. तो दोन कागद शेजारी ठेवतो, बोट फिरवतो, अक्षर जुळलं नाही की फाइल बाजूला सारतो. त्याला तुझ्याशी वैर नसतं. त्याला सही करायची असते आणि उद्या कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा असतो. तो कागद आपण आधीच त्याच्या हातात द्यायचा. पप्पांचं प्रतिज्ञापत्र करून घे, की ज्ञानोबा आणि ज्ञानेश्वर ही दोन्ही नावं माझीच. त्याला पप्पांच्या शाळेच्या दाखल्याची आणि आधारची प्रत जोड. आधारवर यातलं कोणतं नाव आहे ते आज संध्याकाळीच बघ. नीटच्या फॉर्मवर कोणतं टाकलंस तेही बघ. प्रवेशाचा फॉर्म भरताना नीटच्या फॉर्मवर आहे तेच, अगदी स्पेलिंगसकट, टाकायचं. "आता दुरुस्त करून टाकू" असा मोह होतो. तो आवर, त्यातून तिसरंच नाव तयार होतं.

व्हॅलिडिटी हातात आहे ही तुझी मोठी जमेची बाजू. इतर वाचकांसाठी सांगते. जातप्रमाणपत्र वेगळं आणि जातवैधता प्रमाणपत्र वेगळं. पहिलं प्रांत कार्यालयातून मिळतं, दुसरं जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून, आणि त्याला वडील-आजोबांचे जुने पुरावे लागतात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचे, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर शोधायला एक सुट्टी जाते, कधी दोन. हे अकरावीत सुरू करायचं काम आहे. नीटचा निकाल लागल्यावर समितीच्या दारात उभे राहिलेले आईबाप बघवत नाहीत. सरकार कधी मुदतवाढ देतं, कधी देत नाही. त्या भरवशावर घर बांधू नये.

आता तुझ्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ते नॉन क्रिमीलेअर, म्हणजे ओबीसी सवलतीसाठी घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. तुझ्याकडे ते असणार, पण किती तारखेपर्यंतचं? कागद जुना असेल तर जागा खुल्या गटातली धरतील. आणि एकाने भागत नाही. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या नमुन्यातलं लागतं आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, तेही त्या आर्थिक वर्षातलं. राज्याच्या ओबीसी यादीतल्या सगळ्याच जाती केंद्राच्या यादीत नाहीत, तेव्हा तुमची आहे का ते आधी तपास. नसेल तर तिकडे तू खुल्या गटातली. वाईट वाटून घेऊ नकोस, राज्याच्या ८५ टक्क्यांत तुझा हक्क शाबूत आहे.

बाकीचं पटकन सांगते. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा तहसीलचा दाखला. दहावी-बारावीचे मार्कमेमो. नीटचं प्रवेशपत्र आणि स्कोअरकार्ड. बारावीची टीसी लातूरच्या कॉलेजातून आणलीस का? रिपीट केलेल्या मुली हमखास ती तिथेच विसरतात. मधल्या वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, डॉक्टरांच्या लेटरहेडवर मनाने लिहून आणलेला नाही. नीटच्या फॉर्मवरचा फोटो होता त्याच्याच दहा-बारा प्रती. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून आधी सगळे स्कॅन करून ठेव आणि झेरॉक्सचे निदान तीन संच कर. पडताळणीला पप्पा पिशवी घेऊन येतील, आणि पिशवीतून शेतीचा सातबारा, लाइटबिल, लसीकरणाचं कार्ड असं सगळं निघेल. त्यांना म्हणावं, एक फाइल, वर यादी, यादीच्या क्रमाने कागद.

यादीकडे येते. या पत्राचं खरं उत्तर तिथेच आहे.

यंत्र, म्हणजे प्रवेशाचा संगणक, जागा कशी देतं, हे एकदा नीट समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. सगळ्या राज्यातली मुलं रँकप्रमाणे ओळीत उभी आहेत असं समज. तुझा नंबर आला की यंत्र तुझी यादी वरून वाचायला लागतं. पहिलं कॉलेज. तिथे तुझा हक्क असलेली एखादी जागा शिल्लक आहे का? खुली, ओबीसी, मुलींसाठीच्या ३० टक्क्यांतली, कोणतीही. असेल तर दिली, विषय संपला. नसेल तर दुसरं कॉलेज. असं खाली खाली. म्हणजे केईएम पहिल्या नंबरवर लिहिलंस आणि ते मिळालं नाही, तर तुझं काहीही बिघडत नाही. दुसऱ्या नंबरच्या कॉलेजसाठी तू तेवढ्याच हक्काची राहतेस. "मोठी नावं वर टाकली तर छोटी जागाही जाईल" हे जे तुला शेजारच्या वकिलांनी सांगितलं, ते चूक आहे. उलटं मात्र खरं. भीतीपोटी हमखास मिळणारं कॉलेज वर टाकलंस तर यंत्र तुला तेच देईल आणि त्याच्या खालचं कुठलंही नाव वाचणारसुद्धा नाही.

तुझी यादी बघितली. पहिल्या नंबरवर धाराशिव लिहिलंस. का, ते कळलं मला. घरून डबा येईल. पण धाराशिवचं कॉलेज २०२२ चं. त्याच्या खाली चौथ्यावर अंबाजोगाई, सहाव्यावर छत्रपती संभाजीनगरची घाटी. माझं मत विचारशील तर हा क्रम उलटा कर. डॉक्टर पुस्तकातून अर्धा होतो, उरलेला वॉर्डात. घाटीच्या अपघात विभागात एका रात्री जे दिसतं, ते नव्या कॉलेजात महिनाभरात दिसेलच असं नाही. आणि मुख्य म्हणजे जुन्या कॉलेजात तुझ्या वर पाच बॅचेस असतात, रेसिडेंट असतात. रात्री दोन वाजता सलाइन कसं लावायचं हे प्राध्यापक शिकवत नाहीत, ती वरची ताई शिकवते. नवी कॉलेजं वाईट असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी कॉलेजं सुरू झाली. जालना, हिंगोली, बुलढाणा, वाशिम, गडचिरोली, अशी. काठावरच्या मुलींसाठी ती देवासारखी धावून आली. ती सगळी यादीत हवीतच. फक्त जुन्यांच्या खाली.

आणि कॉलेज यादीत टाकताना एकच प्रश्न विचार. हे मिळालं तर मी जाईन का? गडचिरोलीला जाणार नसशील तर लिहू नकोस. जाणार असशील तर बिनधास्त लिही.

गेल्या वर्षीची कटऑफ काढून बसलीस, छान, पण मार्कांवर बोट ठेवलंस, ते चुकलं. मार्क दरवर्षी वेगळं बोलतात. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० होते, सुधारित निकालात ते १७ वर आले. २०२५ चा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते आणि ६५० च्या वर शंभर मुलंसुद्धा नव्हती. आता सांग, २०२४ चे ६२० आणि २०२५ चे ६२० यांची तुलना कशी करायची? रँक बघायचा. प्रत्येक फेरीची जागावाटपाची पीडीएफ राज्याचे प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर येते. तुझ्या गटातल्या शेवटच्या मुलीचा रँक प्रत्येक कॉलेजपुढे पेन्सिलीने लिही. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा, दोन्ही. मधलं अंतर बघून तुलाच कळेल, काठ कुठे आहे.

अजून एक जुनी समजूत तुझ्या पत्रात आहे, की मराठवाड्यातल्या ७० टक्के जागा मराठवाड्याच्याच. होत्या. तो ७०:३० चा नियम २०२० मध्ये रद्द झाला. आता राज्य सगळ्यांना सारखं. तेव्हा मिरज, यवतमाळ, अकोला, नागपूरचं मेयो, ही नावंही तुझ्या हक्काची.

पहिल्या फेरीत जागा मिळाली, रुजू झालीस, तर समोर एक फॉर्म येईल, स्टेटस रिटेन्शन. भरलास तर तीच जागा कायम आणि पुढच्या फेऱ्यांतून तू बाहेर. नाही भरलास तर पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळू शकतं, पण ते मिळाल्या क्षणी जुनी जागा आपोआप गेली, परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीची यादी भरताना हातातल्या कॉलेजपेक्षा जी खरोखर बरी वाटतात तेवढीच टाकायची. माझ्या भाचीने हौसेने यादी पूर्ण भरायची म्हणून खाली दोन नावं जास्तीची टाकली. मिळालेली जागा गेली आणि घरापासून साडेचारशे किलोमीटरवरचं, तिला नको असलेलं कॉलेज मिळालं. फॉर्म भरून देणाऱ्या कॅफेवाल्याला शिव्या देऊन झाल्या, पण लॉकचं बटण तिनेच दाबलं होतं. आता डॉक्टर आहे, हसते त्यावर. तेव्हा आठ दिवस जेवली नव्हती.

आता मामांचा माणूस.

हा माणूस मी ओळखते. म्हणजे तो नाही, पण त्याच्यासारखे पुष्कळ. त्यांचा धंदा कसा चालतो ते ऐक आणि मामांनाही वाचून दाखव. तो काठावरच्या वीस घरांत जातो. सगळ्यांना "सीट पक्की" सांगतो, सगळ्यांकडून रक्कम घेतो आणि करत काहीच नाही. घरी बसतो. वीसपैकी सात-आठ जणांना यंत्र त्यांच्या स्वतःच्या रँकवर जागा देतंच. त्यांचे पैसे तो ठेवतो. बाकीच्यांना म्हणतो, "यंदा वरून जमलं नाही," आणि त्यातले बरेचसे परत करतो. लोक म्हणतात, माणूस प्रामाणिक आहे हो, पैसे परत दिले. पुढच्या वर्षी तेच लोक त्याच्याकडे भाचा घेऊन येतात.

खासगी कॉलेजांच्या राज्य कोट्यातल्या जागा सीईटी सेल भरते. कॉलेजच्या स्वतःच्या वाट्याचा संस्थात्मक कोटाही तिथूनच, नीटच्या रँकवर. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या सगळ्या जागा दिल्लीची एमसीसी भरते. मामांचा माणूस यांपैकी कुठल्या खुर्चीवर बसतो, एवढं त्याला विचारायला सांग.

आणि यातली खरी गोम पुढे आहे. ती पप्पांनी शांत बसून वाचावी. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. मेडिकल त्यात आहे. फक्त सरकारी नाही, खासगी विनाअनुदानित कॉलेजसुद्धा. अट एवढीच, की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या किंवा संस्थेच्या कोट्यातून गेलीस, अभिमत विद्यापीठात गेलीस, तर माफी नाही. म्हणजे सरकारी हुकलं तरी राज्य कोट्यातून खासगी मिळण्याची जी संधी तुझ्या यादीच्या खालच्या भागात आहे, तिथे तुझी मुख्य फी माफ होऊ शकते. वसतिगृह, मेस, अनामत आणि इतर शुल्क तेवढं सुटत नाही, त्याची तजवीज ठेवा. आणि मामांचा माणूस ज्या दाराने न्यायचं म्हणतो तिथे अभिमतला वर्षाला वीस-पंचवीस लाख, माफी शून्य. शेत विकून ही माफी घालवायची, असा तो व्यवहार आहे. तुझ्या यादीत खासगी कॉलेज एकही नाही. "आपल्याला परवडत नाही" म्हणून गाळलीस ना? फी माफीचा नियम वाच, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढ आणि सरकारी नावांच्या खाली ती घाल.

सरकारी कॉलेजात एक वर्षाच्या सेवेचा बाँड असतो, मोडला तर १० लाख. याची भीती घालणारेही भेटतील. एक वर्ष ग्रामीण रुग्णालयात पगार घेऊन काम करायचंय, वनवास नाही.

भावाचं. काकांना निरोप दे की कोट्याला क्लास लावायला हरकत नाही, पण अकरावी-बारावी तिकडच्या शाळेतून केली तर महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्याचं दार त्याला बंद होऊ शकतं. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण, शिवाय अधिवास, अशी अट आहे. अपवाद आहेत, केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे. एसटी कंडक्टर त्यात बसत नाहीत. लातूर दीड-दोन तासांवर आहे आणि तिथल्या शिकवण्यांचा राज्यभर दबदबा आहे, मग जायचं कशाला? त्याची व्हॅलिडिटीची फाइल मात्र अकरावीला प्रवेश घेतला की लगेच टाका. तुझी आधीच झालीय, तिची प्रत जोडली की त्याचं काम हलकं होतं. आणि त्याच्या दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर पप्पांचं नाव काय गेलंय, ते शाळेत जाऊन आत्ताच बघ. ज्ञानोबा की ज्ञानेश्वर. निकालाआधी शाळेतून दुरुस्ती होते, नंतर बोर्डाचे हेलपाटे.

यादीतली दुरुस्ती तुझ्याच कागदावर लाल पेनाने करून परत पाठवतेय. फॉर्म स्वतः भर, कॅफेत जायचंच तर शेजारी पप्पांना बसव आणि तू नावं मोठ्याने वाच, ते कागदावर टिक करतील. लॉक करायच्या आदल्या रात्री एकदा प्रिंट काढ. आणि हो, मिरज सातव्या नंबरवर आहे आणि चौदाव्यावरही. खालचं खोड.